कळसूबाईची अट

घोटीला तांदूळ आणायला मी पहिल्यांदा गेले ती १९९८ च्या डिसेंबरात. यांची कंपनी बंद पडली आणि आम्ही सातपूरला खाणावळ सुरू केली, त्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. नाशिकच्या बाजारातला तांदूळ परवडेना. कुणीतरी म्हणालं, घोटीला जा, भाताच्या गिरणीवर थेट मिळतो. गेले. गिरणीवाला पोती मोजत होता तोवर मी बाहेर उभी राहिले. हवेत सगळा कोंडा, आणि त्या कोंड्यापलीकडे डोंगरांची सलग भिंत. त्यातलं एक टोक बाकीच्यांच्या डोक्यावरून वर आलेलं. हमालाला विचारलं, तर तो पाठीवरचं पोतं न उतरवता म्हणाला, "कळसूबाई. हात जोडा."

मी हात जोडले. पुढे चोवीस वर्षं, वर्षातून दोन खेपा, असेच जोडत आले. खालूनच. वर जायचं असतं हे कधी मनातही आलं नाही. वर जायला एक आख्खा दिवस लागतो, आणि खाणावळ चालवणाऱ्या बाईकडे आख्खा दिवस फक्त दिवाळीत असतो. एमआयडीसीतली पोरं गावाला जातात, तेव्हा चार दिवस चूल थंड. त्या चार दिवसांत मी झोपायचे. खरंच, दुसरं काही करायचे नाही.

२०२२ मध्ये खाणावळ बंद केली. गुडघे बोलायला लागले होते, आणि हे जाऊनही बरीच वर्षं झाली होती. लेक जलसंपदा खात्यात कनिष्ठ अभियंता आहे, नाशिकलाच. ती सुट्टीला डोंगर चढते. मला वाटायचं, दिवसभर साइटवर उन्हात फिरायचं आणि सुट्टीला पुन्हा हेच कशाला? मागच्या दिवाळीत फराळ करताना ती एकदम म्हणाली, "आई, या वेळी कळसूबाईला वर जायचं. तू आणि मी." मी म्हटलं, "माझं वय काय, गुडघे काय." ती म्हणाली, "एकोणसाठ. आणि गुडघे मी बघते."

बघते म्हणजे तिने खरंच बघितलं. दिवाळी ते त्रिपुरी पौर्णिमा रोज पहाटे मला पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला लावल्या. पहिल्या दिवशी मी तीनदा बसले, शेवटच्या दिवशी एकदाही नाही. उतरताना पाऊल आडवं टाकायचं, गुडघा ताठ ठेवायचा नाही, काठी आधी आणि पाय मग, हे सगळं तिने मला असं शिकवलं, जसं मी तिला पोळी लाटायला शिकवलं होतं. फरक एवढाच की ती चिडली नाही.

कार्तिक संपायला आला तेव्हा, मुद्दाम मधल्या वारी, आम्ही निघालो. नवरात्रात तिथे जत्रा असते, पाय ठेवायला जागा नसते, आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची पोरं. पहाटे साडेचारला नाशिक सोडलं, घोटीला चहा घेतला आणि भंडारदऱ्याच्या रस्त्याने बारीला पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. बारी म्हणजे पायथ्याचं गाव, अकोले तालुक्यात. गावात महादेव कोळ्यांची वस्ती. भाताची कापणी झालेली, खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या. त्या ओल्या पेंढ्याचा वास आला आणि मला पहिल्यांदा वाटलं, चोवीस वर्षं ज्या तांदळाची पोती मी नेली तो असा, इथल्यासारख्याच वावरांतून यायचा.

लेक याआधी दोनदा येऊन गेलेली. एका घरी तिची ओळख होती, तिथे कोरा चहा मिळाला. घरातल्या मावशी माझ्याच वयाच्या असतील. चुलीपुढे बसून नागलीच्या भाकरी थापत होत्या. त्यांची भाकरी थापायची हातोटी मी बघतच बसले. परातीला हात लागत नव्हता, भाकरी आपणच फिरत होती. मी म्हटलं, "मावशी, मी खाणावळ चालवली चोवीस वर्षं, पण नागली मला अशी नाही जमली." त्या हसल्या. "रोज किती जेवायला?" "चौसष्ट डबे." "अन् घासायचं कोण?" म्हणाल्या.

मग त्यांनीच कळसूची गोष्ट सांगितली.

"कळसू म्हंजी कोळ्याची पोर. रानात हिंडायची लई हौस. हिंडत हिंडत तिकडं इंदोऱ्याला आली, डोंगराच्या त्या अंगाला. तिथं एका घरी कामाला राहिली. पण आधीच अट घातली. सांगाल ते करीन, भांडी घासणार न्हाई, केर काढणार न्हाई. बरेच दिस नीट चाललं. मंग एक दिस घरातलं कुणीतरी म्हनलं, भांडी घास, केर काढ. तिनं घासली. केर काढला. अन् तशीच डोंगर चढून वर गेली. परत खाली आलीच न्हाई. तिथंच देह ठेवला."

भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा, अशी नावं आजही आहेत. मावशींनी भाकरीच्या पिठाने भरलेला हात दाराबाहेर वर केला, त्या बाजूला कुठेतरी.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. अट घातल्याचं मला नवल वाटलं नाही. मला थांबवलं ते "तिनं घासली" या दोन शब्दांनी. ती भांडली नाही, रडली नाही, अट मोडली म्हणून भांडी आपटली नाहीत. सांगितलेलं काम पुरं केलं, आणि मग गेली.

हे मी एकदा माझ्या घरात बघितलेलं होतं.

२००८ ची गोष्ट. लेक दहावीला. संध्याकाळी सातच्या सुमाराला सायकलवाला पोरगा रिकामे डबे मोरीपाशी आणून टाकायचा. चौसष्ट डबे, चार-चार पुडांचे. ज्यांनी असे डबे घासलेत त्यांनाच माहीत, पुडाच्या काठाला बारीकशी पन्हळ असते, दुसरा पूड बसतो ती. त्यात तेल आणि हळद जाऊन बसते. काथ्याने निघत नाही. फडक्याचा कोपरा नखाला गुंडाळून बोट त्या पन्हळीतून गोल फिरवावं लागतं. एका डब्याला चार वेळा. लेक तिसरीत असल्यापासून माझ्या बाजूला बसून हे करायची. तिची नखं कायम पांढरी आणि मऊ, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. शाळेत हात मागे लपवून उभी राहायची, हे मला तिच्या बाईंनी सांगितलं होतं.

पूर्वपरीक्षेच्या आदल्या दिवशी ती मोरीशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आजपासून मी डबे घासणार नाही." आवाज चढवला नव्हता. सुट्टी हवी, वेळ नाही, असंही काही नाही. घासणार नाही, एवढंच. माझी पहाटे चारपासून कंबर मोडलेली, दुसऱ्या दिवशीची सात किलो कणीक अजून चाळायची होती. मी उठले आणि ओल्या हाताने तिच्या मुस्काटात मारली.

तिने त्या रात्री सगळे डबे घासले. चौसष्टच्या चौसष्ट. पुसून, उपडे घालून, रांगेत लावून ठेवले. एका पुडाच्या पन्हळीत डाग नव्हता, मी बघितलं. त्यानंतर ती मोरीशी कधी बसली नाही. मीही सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी भांड्यांना बाई लावली. लेक दहावी झाली, डिप्लोमाला वसतिगृहात गेली, पुढे शिकली, नोकरीला लागली. आमचं कधी वाकडं आलं नाही. पण त्या रात्रीबद्दल पंधरा वर्षांत एक शब्द आम्ही बोललो नव्हतो.

मावशींच्या ओसरीवर मी लेकीकडे बघितलं. ती बुटाच्या नाड्या बांधत होती, मान खाली.

चढाबद्दल फार लिहीत नाही, लिहिणारे खूप आहेत. सुरुवातीला शेतांमधून वाट, मग खालचं एक देऊळ, वर जाणं होत नाही ते तिथेच ओटी भरून माघारी फिरतात. मी तिथे जरा जास्तच वेळ बसले. लेक काही बोलली नाही, पाण्याची बाटली पुढे केली आणि वाट बघत राहिली. पुढे खडकातल्या पायऱ्या, मोकळी माती, आणि लोखंडी शिड्या.

शिड्यांची मला धास्ती होती. दवाने लोखंड गार पडलेलं, धरलं की हाताला गंजाचा वास. पण पायरीचा मधला भाग, जिथे सगळ्यांचे हात आणि पाय पडतात, तो गुळगुळीत झालेला, जुन्या उलथण्याच्या दांड्यासारखा. मी तेवढाच भाग बघत गेले. खाली बघायचं नाही असं लेकीने सांगितलं होतं. ती माझ्यामागे, एक पायरी खाली. माझा डावा पाय वर उचलला जाईना तेव्हा तिने टाचेखाली तळवा धरला आणि पाय उचलून पायरीवर ठेवला. पुढच्या पायरीला परत. तिच्या तळहाताला आता घट्टे आहेत, टेप आणि काठ्या धरून पडलेले. मोज्यातूनही ते मला लागत होते.

शेवटच्या शिडीच्या आधी जराशी सपाटी आहे, तिथे विहीर आहे. एवढ्या उंचावर विहीर! पाणी काढून तोंडावर मारलं. बर्फासारखं. मग ती शेवटची शिडी, आणि वर.

आम्हाला पाच तास लागले. धडधाकट माणूस तीन तासांत येतो. शिखर १६४६ मीटर, म्हणजे पाच हजार चारशे फूट, महाराष्ट्रात याच्यावर काही नाही. वर जागा अगदी थोडी, आणि मधोमध देवीचं एवढंसं देऊळ, वाकूनच आत जावं लागतं. मी खण-नारळाने ओटी भरली, हळद-कुंकू वाहिलं. मागायचं काही ठरवलेलं नव्हतं. देवीच्या तांदळ्यासारख्या मुखवट्याकडे बघताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बाई, तू बरं केलंस."

बाहेर लेक मला एकेक दाखवत होती. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, त्याच्यामागे रतनगड. धरण १९२६ चं, हे तिने सांगितलं. मग दोन्ही हात पसरून ती म्हणाली, "आई, आपण उभे आहोत ना, ही धार आहे. इकडे दक्षिणेला पडलेला पाऊस प्रवरेला जातो, तिकडे उत्तरेला पडलेला दारणेला. पाक वेगळ्या वाटांनी जातात, आणि शेवटी दोन्ही गोदावरीलाच मिळतात." कामाचं बोलायला लागली की तिचा चेहरा बदलतो. मी तो चेहरा साइटवर कधी बघितलेला नाही. तिथे, त्या वाऱ्यात, पहिल्यांदा नीट बघितला.

"आणि ते बघ." तिने बोट उत्तरेला केलं. धुरकट पट्ट्यात काही पत्रे चमकत होते. "घोटी."

लहानपणी ती टेम्पोत तांदळाच्या पोत्यांवर बसून माझ्याबरोबर यायची.

मी विचारलं, "तुला कळसूची गोष्ट आधीपासून माहीत होती?"

"हो. पहिल्यांदा आले तेव्हाच मावशींनी सांगितली."

"म्हणून आणलंस मला?"

"नाही गं. वरून घोटी दिसते, म्हणून आणलं."

दशम्या आणि बटाट्याची भाजी होती, दह्यातली चटणी. खाल्लं. डबा तोच, जुना चार पुडांचा, खाणावळीतले मी सहा ठेवलेत. जेवण झालं तसे माझे हात चालायला लागले. कोरडी माती घेऊन मी पूड घासायला घेतला, विहिरीवर जाऊन विसळू म्हटलं. लेकीने माझ्या हातातून तो काढून घेतला.

"इथे नको, आई. हिच्यासमोर तरी नको."

डबा तसाच तेलकट पिशवीत गेला.

उतरणं चढण्यापेक्षा वाईट असतं हे तिने सांगितलं होतं, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं. उजवा गुडघा प्रत्येक पायरीला सुई टोचल्यासारखा. दर दहा मिनिटांनी बसत होते. अशाच एका खडकावर, समोर पिवळं पडलेलं गवत वाऱ्याने सपाट होत होतं, तेव्हा मी म्हटलं, "तुला मी मारलं होतं. दहावीत."

"आठवतं. डाव्या गालावर. तुझ्या हाताला भांड्याची पावडर होती, ती डोळ्यात गेली."

हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री तिचे डोळे लाल होते, मी समजले होते, रडली.

"चुकलं माझं," मी म्हटलं. पंधरा वर्षं लागली ते म्हणायला, आणि म्हणताना एक क्षण पुरला.

ती थोडा वेळ गवताकडे बघत राहिली. "मला ते दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. तू बाई लावलीस ना." मग म्हणाली, "पण आई, मला खरं सांगू? मी नंतर तिचाच विचार करायचे जास्त. मी नाही म्हटलं, आणि माझे चौसष्ट डबे उचलून आपण तिच्यापुढे ठेवले. तिला काही अट आहे का, हे आपण विचारलं होतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. तिने चौदा वर्षं डबे घासले आमचे. महिना चारशेपासून सुरुवात केली, शेवटी साडेतीन हजारांपर्यंत गेलो. दिवाळीला साडी दिली, मुलीच्या लग्नाला भांडी दिली. होय, भांडीच दिली. तिची नखं कशी होती ते मी आठवायला बघत होते, आणि मला आठवेना. लेकीची नखं मला आजही डोळ्यांसमोर दिसतात.

बारीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मावशींनी गुडघ्याला तेल गरम करून दिलं, पैसे घेतले नाहीत. मी लेकीच्या पिशवीतला अर्धा किलो चिवडा त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या पाया पडले. त्या संकोचल्या. माझ्याच वयाच्या, पण मला पडावंसं वाटलं.

रात्री घरी आलो आणि दोघी न जेवता झोपलो. सकाळी मोरीत तो डबा तसाच होता. पुडाच्या पन्हळीत पिवळं तेल घट्ट झालेलं. मी नळ सोडला आणि त्यात पाणी भरून ठेवलं. घासला नाही. आधी फोन शोधला.

तिचा नंबर होता माझ्याकडे. खाणावळ बंद झाल्यापासून संक्रांतीला एकदा फोन झालेला, तेवढाच. आता ती सुनेकडे असते, अंबडला. मी म्हटलं, "काल लेकीबरोबर कळसूबाईला जाऊन आले." बोलायचं दुसरंच होतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळेना.

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "ताई, आमचं माहेर त्याच अंगाचं. घोटीच्या पल्याड. लग्नाआधी दर नवरात्रात मी बापाबरोबर जायची. अनवाणी. रात्रीचं चढायचं, पहाटं वर."

चौदा वर्षं ती माझ्या मोरीशी बसत होती. घोटीचा तांदूळ मी तिच्यासमोर पोत्यातून काढत होते. एकदाही मी तिला विचारलं नव्हतं, तुझं गाव कुठलं.

"मग नंतर नाही गेलीस?"

"न्हाई. मालकांना आवडायचं न्हाई, अन् मंग काम." ती थांबली. मग तिचा आवाज एकदम वेगळा झाला, पोरीसारखा. "ताई, वरच्या शिडीच्या आधी ती विहीर हाये ना, तिला पानी होतं का हो?"

"होतं," मी म्हटलं. "गार होतं. तोंडावर मारलं मी."